पाच वेळा वाचूनही दोन पर्यायांत का अडकतो? चाचणी आणि स्मरण यांचा व्यवहार

प्रश्न थोडक्यात असा: राज्यसेवा पूर्व परीक्षेची तयारी चालू आहे. राज्यघटना, इतिहास, भूगोल चार-पाच वेळा वाचून झाले, रंगीत पेनांनी रेघा मारून झाल्या. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण सराव पेपरात चारातले दोन पर्याय उरतात आणि तिथेच गाडी अडते. टेस्ट दिल्याने लक्षात राहतं म्हणतात ते खरं का, की टेस्ट फक्त किती येतं ते कळण्यापुरती? आणि द्यायची तर किती, कशी, कधी?

खरं आहे. फक्त 'टेस्ट' म्हटलं की शंभर प्रश्नांचा, घड्याळ लावून सोडवायचा पेपर डोळ्यांसमोर येतो. लक्षात ठेवण्याच्या कामी त्याचा वाटा लहान आहे. खरं काम करते ती साधी गोष्ट: पुस्तक मिटायचं आणि उत्तर समोर नसताना ते डोक्यातून बाहेर काढायचं. वहीत लिहून, तोंडी, भिंतीकडे बघत, कसंही. एकदा कष्टाने काढलेली गोष्ट पुढच्या वेळी लवकर हाताला लागते. पाचव्या वाचनात उत्तर डोळ्यांसमोरच असतं, त्यामुळे ते शोधायची वेळच येत नाही.

ज्यांच्या घरी संध्याकाळी परवचा होत असे त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. सतराचा पाढा चालीत म्हणताना 'सतरा सक' आलं की पुढचा आकडा आपोआप येतो. पण मध्येच कुणी 'सतरा सक किती?' विचारलं की मूल 'सतरा एके'पासून पुटपुटायला लागतं. पाढा येतो, एकशे दोन मात्र हाताशी नसतात. म्हणून पाढे म्हणून झाल्यावर घरातली जाणती माणसं उलटसुलट विचारायची. तुमची पाच वाचनं म्हणजे चालीतला पाढा झाला, आणि लोकसेवा आयोग विचारतो उलटसुलट.

आता पुरावा. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ सालचा प्रयोग या विषयात सगळ्यांत जास्त सांगितला जातो, आणि तो तुमच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. विद्यार्थ्यांना विज्ञानावरचे दोन छोटे उतारे सात-सात मिनिटं वाचायला दिले. एका उताऱ्यासाठी पुन्हा सात मिनिटं वाचन, दुसऱ्यासाठी कोरा कागद: आठवेल ते लिहा, उतारा बघायचा नाही. बरोबर काय, चूक काय, तेही सांगितलं नाही. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेल्यातलं ८१ टक्के आठवलं आणि वाचून लिहिलेल्यातलं ७५ टक्के. म्हणजे वाचन पुढे! दोन दिवसांनी तपासलं तर वाचन ५४, लेखन ६८. आठवड्याने वाचन ४२, लेखन ५६.

त्याच कामातला दुसरा प्रयोग आणखी बोलका आहे. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत तोच उतारा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्याच फेरीत वाचला, जेमतेम साडेतीन वेळा, आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत फक्त आठवून लिहिलं. आठवड्याने चौदा वेळा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, साडेतीन वेळा वाचणाऱ्यांना ६१ टक्के. आणि प्रयोगाच्या दिवशी 'आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?' असं विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री होती ती चौदा वेळा वाचणाऱ्यांना.

सगळी गोम इथे आहे. पाच मिनिटांनंतरच्या आकड्यांत वाचन जिंकतं, आणि अभ्यास करताना आपल्या हाती तेवढाच पुरावा असतो. पान उलटल्याक्षणी सगळं ओळखीचं वाटतं, त्यालाच आपण 'झालं' म्हणतो. उलट पुस्तक मिटून लिहायला बसलं की निम्मं आठवत नाही, चिडचिड होते, दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. नेमका तोच दिवस आठवड्याने उपयोगी पडतो. त्यामुळे 'आज अभ्यास छान झाला' ही भावना मोजमाप म्हणून वापरू नका.

आणखी एक प्रयोग याच दोघांचा, २००८ सालचा. स्वाहिली भाषेतले ४० शब्द, त्यांचे इंग्रजी अर्थ. एखादा शब्द एकदा बरोबर आला की पुढे त्याचं काय करायचं, एवढाच फरक गटागटांत होता. ज्यांनी आलेल्या शब्दाची चाचणी थांबवली त्यांना आठवड्याने जेमतेम ३३ ते ३६ टक्के आठवले. आलेला शब्द ते पुन्हा वाचत राहिले तरी त्याने काही फरक पडला नाही. ज्यांनी आलेल्या शब्दांचीही चाचणी चालू ठेवली त्यांना ८० टक्क्यांच्या आसपास. आपल्या सवयीत याचं भाषांतर सरळ आहे. प्रश्न एकदा आला, टिक मारली, पुढे गेलो: हा अभ्यासातला सगळ्यांत महाग शॉर्टकट आहे.

यात नवं काही नाही, हेही सांगून टाकतो. १९१७ मध्ये आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर पाहिलं होतं की चरित्रातली माहिती पाठ करताना एकूण वेळेतला साधारण ६० टक्के वेळ पुस्तक बाजूला ठेवून आठवण्यात घालवला की निकाल सगळ्यांत चांगला येतो. निरर्थक अक्षरं पाठ करताना हा वाटा ८० टक्क्यांपर्यंत जात होता. १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांवर दाखवलं की वाचल्यावर लवकर चाचणी घेतली तर विसरणं बरंच थांबतं, आणि चाचणी जितकी लांबवाल तितका फायदा कमी. शंभर वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे, पण रंगीत हायलायटर विकणं जास्त सोपं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. एक नमुना घेऊ: ७३वी घटनादुरुस्ती, म्हणजे पंचायत राज. पुस्तकात चार-पाच पानं असतात.

वाचायच्या आधी पाच प्रश्न स्वतःला विचारा, उत्तरं चुकली तरी चालतील: कधी लागू झाली, कोणतं परिशिष्ट जोडलं, किती विषय, महिलांना किती आरक्षण, निवडणुका कोण घेतं. नेट कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की आधी प्रयत्न करून चुकलेलं उत्तरही, लगेच खरं उत्तर बघितलं तर, नुसत्या वाचनापेक्षा जास्त लक्षात राहतं. अट 'लगेच बघितलं तर' ही आहे. पाच मिनिटांच्या वर यात घालवू नका.

मग एकदा वाचा, समजून. इथे रेघा मारायच्या नाहीत. प्रश्न होईल अशा ओळीपाशी समासात फक्त पेन्सिलीची खूण करा. पुस्तक मिटा. कोरा कागद घ्या आणि सहा-सात मिनिटं जे आठवेल ते लिहा: मुद्दे, आकडे, अर्धवट वाक्यं, बाण. अडलात की लगेच पुस्तक उघडायचा मोह होतो. दहा-पंधरा सेकंद थांबा. 'काहीतरी अकरा होतं' एवढं आलं तरी लिहा. मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाने राहिलेलं भरा. हा दुसरा रंग म्हणजे तुमची उद्याची यादी.

यानंतर प्रश्न तयार करा. साधी दोनशे पानी वही पुरे: पान मधोमध दुमडायचं, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. किंवा कार्डं, किंवा मोबाईलमधलं अँकीसारखं अॅप. साधन कुठलंही चालेल, प्रश्न मात्र नीट हवा. या चार पानांतून आठ ते बारा प्रश्न निघतात, जास्त नाही. पहिल्या खेपेला बहुतेकांचा प्रश्न असा होतो: '७३व्या घटनादुरुस्तीची वैशिष्ट्ये सांगा.' हा प्रश्न मुख्य परीक्षेचा. उजळणीसाठी तो निरुपयोगी, कारण अर्धं आलं की 'आलं' म्हणून पुढे जाल. एका प्रश्नाला एकच उत्तर:

७३वी घटनादुरुस्ती अमलात कधी आली? (२४ एप्रिल १९९३)
तिने जोडलेलं परिशिष्ट कोणतं, विषय किती? (अकरावं, २९)
पंचायतीची निवडणूक लढवायला किमान वय? (२१ वर्षं)
पंचायत मुदतीआधी विसर्जित झाली तर निवडणूक किती काळात? (सहा महिन्यांच्या आत)
घटनेनुसार महिलांसाठी किमान आरक्षण किती, आणि महाराष्ट्रात किती? (एक तृतीयांश, २०११ पासून निम्मं)
गोव्यात पंचायत समिती का नाही?

शेवटचा प्रश्न मुद्दाम उत्तराशिवाय ठेवला आहे. क्षणभर थांबा, विचार करा. उत्तर: वीस लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा घटनेत आहे, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. तिथे ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत. 'वीस लाख' हा सुटा आकडा चार वेळा घोकला तरी निसटतो; गोव्याला टांगला की टिकतो. दहा प्रश्नांत दोन-तीन तरी 'का' विचारणारे हवेत.

७४वीचे, म्हणजे नगरपालिकांच्या घटनादुरुस्तीचे, प्रश्न त्याच दिवशी करू नका. तिथे बारावं परिशिष्ट, १८ विषय, १ जून १९९३. अकरा-एकोणतीस आणि बारा-अठरा या जोड्या एकाच दुपारी डोक्यात घातल्या की एकमेकींच्या जागा घेतात. दोन पर्यायांत अडकण्याचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे: दोन्ही आकडे ओळखीचे असतात, कुठला कुणाचा तेवढंच कळत नाही. आधी एक जोडी तीन-चार दिवस पक्की होऊ द्या, मग दुसरी घ्या, आणि दोन्ही पक्क्या झाल्या की मुद्दाम मिसळून विचारा.

भूगोलाला वहीपेक्षा कोरा नकाशा बरा. महाराष्ट्राची नुसती बाह्यरेषा घ्या, गोदावरी काढा, आणि न बघता उपनद्या भरा: डाव्या तीरावर कादवा, शिवना, पूर्णा, प्राणहिता, उजव्यावर दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा. नावं पाठ असणारे तीर चुकतात, आणि पेपरात तीरच विचारतात. नकाशा काढला की तीर चुकवणं अवघड होतं. कोयना कृष्णेला कऱ्हाडला मिळते तिथे टिंब, प्रवरा गोदावरीला नेवाशाजवळ मिळते तिथे टिंब.

एकदा बरोबर आलं की थांबायचं नाही, हे वर आलंच. मग किती वेळा? केंट स्टेट विद्यापीठातले कॅथरीन रॉसन आणि जॉन डनलॉस्की यांनी २०११ मध्ये सुचवलेलं प्रमाण व्यवहारात बसतं: पहिल्या बैठकीत प्रत्येक प्रश्न तीनदा बरोबर येईपर्यंत, आणि नंतर दिवसांच्या अंतराने तीन वेळा पुन्हा. तीनदा म्हणजे लागोपाठ तीनदा नव्हे. लागोपाठ विचारलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उत्तर अजून जिभेवरच असतं, शोधावं लागत नाही. मध्ये आठ-दहा दुसरे प्रश्न जाऊ द्या.

दिवसांचं अंतर किती, हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. निकोलस सेपेडा, हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये साडेतेराशे लोकांवर हेच तपासलं. माहिती शिकवली, काही अंतराने एक उजळणी-चाचणी, मग शेवटची परीक्षा. शेवटची परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणीचं सर्वांत चांगलं अंतर एक दिवस निघालं; ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवस; ७० दिवसांवर असेल तर तीन आठवडे. तिथे उजळणी एकच होती. तुम्ही चार-पाच करणार, म्हणून पूर्व परीक्षा तीन महिन्यांवर असताना मी हे अंतर सांगेन: त्याच दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, चौथ्या-पाचव्या दिवशी, बाराव्या दिवशी, मग महिन्याने. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही. बाराव्या दिवशी एकही प्रश्न अडला नाही तर अंतर फार जवळचं आहे. निम्म्याहून जास्त अडले तर फार लांबचं. पाचातला एखादा-दुसरा अडावा आणि बाकीचे थोड्या प्रयत्नाने यावेत, ही चांगली जागा.

हिशेब आधी मांडून घ्या, कारण पद्धत मोडते ती इथे. रोज २५ नवे प्रश्न आणि प्रत्येकाची पाच वेळा उजळणी म्हणजे महिन्याभरानंतर रोज १२५ प्रश्न समोर येतात. एकाला पंधरा सेकंद धरले तर अर्धा तास, चुकलेले पुन्हा फिरवायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. हे जमतं. उत्साहात रोज शंभर नवे प्रश्न घेणाऱ्याच्या डोक्यावर महिन्याने रोजचे पाचशे बसतात, दोन दिवस चुकले की हजार होतात, आणि वही कपाटात जाते.

उत्तर देताना प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहायची सवय लावा: 'प' पक्कं, 'अ' अंदाज, 'तु' तुक्का. उत्तर बघायच्या आधी लिहायचं. दोन कारणं. 'तु' लिहून बरोबर आलेला प्रश्न हा आलेला नाहीच, तो पुन्हा फिरवायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षेत तर ही ओळख फार मोलाची. आणि 'प' लिहून चुकलेला प्रश्न लाल करा. अशी खात्रीने केलेली चूक, खरं उत्तर लगेच दाखवलं तर, अंदाजाने केलेल्या चुकीपेक्षा जास्त चांगली सुधारते, असं जेनेट मेटकाफ आणि सहकाऱ्यांच्या कामात दिसलं आहे. धक्का बसतो म्हणून लक्ष जातं. मात्र दुरुस्तीची उजळणी झाली नाही तर काही दिवसांनी जुनी चूक पुन्हा डोकं वर काढते. म्हणून लाल प्रश्न एका आठवड्यात दोनदा जास्त.

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमची सगळी तयारी त्यावर उभी आहे. पहिलं: परीक्षा बहुपर्यायी असली तरी सराव शक्यतो पर्याय झाकून करा. आधी उत्तर स्वतः द्या, मग पर्याय उघडा. २००७ मध्ये शॉन कांग आणि सहकाऱ्यांना दिसलं की खरं उत्तर नंतर दाखवलं तर, लिहून उत्तर देण्याचा सराव शेवटच्या बहुपर्यायी परीक्षेतही पर्यायी सरावापेक्षा सरस ठरतो. दुसरं: चुकीचे पर्यायही डोक्यात जातात. चार उत्तरं वाचून चुकीचं निवडलं आणि तपासलंच नाही, तर तेच चुकीचं पुढे खरं म्हणून आठवतं. सराव पेपर सोडवून फक्त गुण मोजणारे अशा रीतीने चुकाच पाठ करत असतात. तिसरं, आणि हे फार कमी लोक करतात: प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी 'हा कोणत्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ठरेल?' असं विचारा. प्रश्न 'सत्यशोधक समाजाची स्थापना कधी?' आणि पर्याय १८६७, १८७०, १८७३, १८८४. बरोबर १८७३. पण १८६७ प्रार्थना समाज, १८७० पुणे सार्वजनिक सभा, १८८४ डेक्कन एज्युकेशन सोसायटी. एका प्रश्नात चार गोष्टी आठवल्या. पर्याय खरोखर तुल्यबळ असतील तर असा सराव न विचारलेल्या माहितीलाही मदत करतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

जुने पेपर सोडवताना उत्तरतालिका अंतिम आहे ना, ते पाहा. आयोग आधी एक तालिका काढतो, हरकती घेतो, मग उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा पहिलीच तालिका असते. आणि उत्तर त्या वर्षीचं असतं: २०१४ च्या आधीच्या पेपरात महाराष्ट्राचे ३५ जिल्हे बरोबर धरलेले असतील, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला आणि ३६ झाले. चाचणीने चुकीचं उत्तरही तेवढंच घट्ट बसतं, म्हणून वहीत उतरवण्याआधी एकदा तपासा.

आणखी काय बिघडतं? वहीतली जागा पाठ होते. 'उजव्या पानावर तिसरं' म्हणून उत्तर येतं, प्रश्न वाचून नाही. वही खालून वर विचारा, मधलीच पानं उघडा, कार्डं पिसा. दुसरं, प्रश्नातच उत्तराचा धागा असतो. 'अकराव्या परिशिष्टातील २९ विषय कोणत्या घटनादुरुस्तीने आले?' असं विचारल्यावर २९ कधीच आठवावे लागत नाहीत. तिसरं, एखाद्या यादीतल्या ठरावीक गोष्टींचीच चाचणी. मायकेल अँडरसन आणि बियॉर्क दाम्पत्याने १९९४ मध्ये दाखवलं की एकाच गटातल्या काही गोष्टी वारंवार आठवल्या तर न आठवलेल्या तेवढ्यापुरत्या आणखी मागे पडतात. मूलभूत हक्कांतली १४, १९, २१, ३२ ही लाडकी कलमं रोज आणि बाकीची कधीच नाही, असं केलंत तर २३ आणि २४ नेमकी ऐनवेळी धूसर होतील. यादी घ्याल तर पूर्ण घ्या.

अभ्यासिकेत जोडीदार असेल तर उत्तमच. एकमेकांना विचारताना डोकावता येत नाही. फक्त जोडीदाराला सांगून ठेवा की दहा सेकंद गप्प राहायचं. आपल्याकडे समोरचा अडला की अर्धं अक्षर सांगून मदत करायची पद्धत आहे. ती मदत आठवण्याचं कामच काढून घेते.

याच्या मर्यादाही आहेत. जे समजलेलंच नाही त्याची चाचणी घेऊन काही हाती लागत नाही. महागाई आणि रेपो दराचा संबंध कळला नसेल तर आधी कुणाकडून तरी समजून घ्या. दहातले दोनच येत असतील आणि उत्तरं बघत नसाल, तर तो वेळ वाया. तिथे परत एक वाचन करणं योग्य. आणि मोठे सराव पेपर हे वेगळ्या कामाचे: वेळ सांभाळणं, कोणता प्रश्न सोडायचा ते ठरवणं. अर्धा अभ्यासक्रम वाचून झालेला नसताना आठवड्याला चार पेपर लावण्यात अर्थ नाही. दोन महिने आठवड्याला एक, शेवटच्या महिन्यात दोन. दोन तासांच्या पेपराला तीन तास तपासणी. 'अ' आणि 'तु'चे सगळे प्रश्न वहीत गेल्याशिवाय पुढचा पेपर उघडायचा नाही.

धाकधुकीबद्दल: आठवून शिकलेली गोष्ट ताणाखालीही टिकते, वाचून शिकलेली ढासळते, असं २०१६ मधल्या एका प्रयोगात दिसलं. हॉलमध्ये 'सगळं कोरं झालं' म्हणणाऱ्यांनी घबराटीवर उपाय शोधण्याआधी आपण उत्तर न बघता किती वेळा आठवलं होतं ते मोजून पाहावं.

शेवटचे तीन आठवडे नवे प्रश्न बंद. फक्त फिरवणं, आणि दर दिवशी वही आक्रसत नेणं: सलग चार वेळा 'प' आलेले बाजूला, लाल आणि 'तु' पुढे. आदल्या संध्याकाळपर्यंत हट्टी आकड्यांचं एकच पान उरलं पाहिजे. ते पान परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राबाहेर उभं राहून खुशाल वाचा, दोनदा, तीनदा. इतके दिवस वाचनाला नाकं मुरडली तरी त्या वेळेला तेच योग्य आहे. तेव्हा तुम्हाला आठवड्यापुरतं नाही, दुपारपर्यंत लक्षात ठेवायचं असतं, आणि पाच मिनिटांनंतरच्या आकड्यांत वाचणारेच पुढे होते.